कॅरमच्या पावडरीने खाल्लेला एक गुण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पंधरा दिवसांपूर्वी आम्ल आणि आम्लारींवर एक लेख आला होता. लेख सोप्या भाषेत होता, आमच्या वाडीत तिघा-चौघांनी तरी वाचला. पण त्याच्या शेवटी एक वाक्य होतं, ते काही माझ्या घशाखाली उतरेना. आम्लाच्या आधीच्या सगळ्या व्याख्या चुकीच्या निघाल्या आणि १९२३ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लुईस यांनी खरी व्याख्या दिली, असं ते वाक्य. जणू आधीचे सगळे नापास झाले आणि शेवटचा एक पास.

मी २६ वर्षं एका माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. शिकवणं माझ्याकडे नव्हतं. द्रावणं करून ठेवायची, बाटल्यांना लेबलं लावायची, प्रॅक्टिकल झालं की नळ्या घासायच्या, कोणाच्या हातावर काही सांडलं तर आधी पाणी ओतायचं आणि मग ओरडायचं, हे माझं काम. त्यामुळे या व्याख्या मला पुस्तकातून कमी आणि कपाटातून जास्त माहीत आहेत. तरी मी गप्प बसले असते. पण त्याच रविवारी माझी भाची घरी आली ती तोंड पाडून.

ती बारावीला आहे. कॉलेजच्या चाचणीत एक गुणाचा प्रश्न होता: बोरिक आम्लाची आम्लारिधर्मता किती? (आम्लारिधर्मता म्हणजे आम्लाच्या एका रेणूमागे पाण्यात किती प्रोटॉन सुटू शकतात तो आकडा. प्रोटॉन म्हणजे धन भार असलेला हायड्रोजनचा कण, हायड्रोजन आयन.) हिने लिहिलं, एक. कंसात पुढे लिहिलं, ‘कारण ते स्वतःचा प्रोटॉन देत नाही’. तपासणाऱ्यांनी त्यावर लाल रेघ मारली आणि बाजूला ३ लिहिले. रेणुसूत्रात तीन हायड्रोजन आहेत ना, मग तीन. ही विचारायला गेली तर उत्तर मिळालं, ‘व्याख्येप्रमाणे लिहायचं, जास्त डोकं चालवायचं नाही.’

कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. तपासणारे सर तासिका तत्त्वावर आहेत, तीन ठिकाणी तास घेतात आणि रात्री पेपर तपासतात. चूक कोणाकडूनही होते. माझ्याकडूनही एकदा सौम्य आणि तीव्र गंधकाम्लाच्या बाटल्यांची लेबलं अदलाबदल झाली होती, देवानेच वाचवलं. मला खटकलं ते ‘व्याख्येप्रमाणे’ हे उत्तर. कुठल्या व्याख्येप्रमाणे?

बोरिक आम्ल आपल्याकडे कोणाला परकं नाही. आमच्या मंडळाच्या कॅरमवर पोरं जी पांढरी, साबणासारखी गुळगुळीत पावडर शिंपडतात ती हीच. औषधांच्या दुकानात बोरिक पावडर म्हणून मिळते, झुरळांसाठी पिठात कालवून कोपऱ्यात ठेवतात. (पोटात गेली तर विषारी आहे, लहान मुलांपासून लांब ठेवा.) तर मी म्हटलं, वाद कशाला, मोजून बघू.

माझ्याकडे निर्लेखनात निघालेली एक ब्युरेट आहे, म्हणजे मिलिलिटरच्या खुणा असलेली, खाली तोटी असलेली काचेची लांब नळी. टोकाला टवका उडालेला, पण तोटी घट्ट बसते. निवृत्त होताना रीतसर नोंद करून घरी आणली होती. बोरिक पावडर दुकानातून घेतली आणि बाजारात आमच्या ओळखीच्या सोनाराकडे जाऊन त्याच्या काट्यावर ६२० मिलिग्रॅम तोलून आणली. त्याने विचारलं, हे कसलं भस्म? मी म्हटलं, गुणाचं. बोरिक आम्लाचं रेणुवस्तुमान ६२ च्या जरा खाली आहे, म्हणजे एवढी पावडर १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवली की द्रावण ०.१ मोलर होतं. कॉस्टिक सोड्याचं, म्हणजे आम्लारीचं, तेवढ्याच तीव्रतेचं द्रावण जुन्या शाळेतून बाटलीभर मागून आणलं. बोरिकचं द्रावण १० मिलिलिटर घेतलं, त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे (आम्ल संपून आम्लारी उरलं की गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे) दोन थेंब टाकले आणि भाचीला ब्युरेटच्या तोटीवर बसवलं.

पहिल्या खेपेला गंमत झाली. जेमतेम मिलिलिटरभर सोडा पडला नाही तर फिका गुलाबी रंग दिसायला लागला. तोही ठाम नाही. आणखी थोडं टाकलं की थोडा गडद, आणखी टाकलं की आणखी गडद, कुठे थांबायचं तेच कळेना. भाची घाबरली, म्हणाली, ‘मावशी, हे तर शून्य पॉइंट एक आलं!’ तसं ते नव्हे. बोरिक आम्ल इतकं दुबळं आहे की आपल्या वाट्याचा सोडा संपवण्याआधीच रंग चढतो. त्यावरचा उपाय प्रयोगशाळेतल्या जुन्या माणसांना ठाऊक असतो: ग्लिसरीन. ग्लिसरीन बोरॉनला दोन्ही बाजूंनी मिठी मारतं आणि मग तेच दुबळं आम्ल चांगलं ताठ होऊन उभं राहतं. फक्त औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन स्वतः किंचित आंबट असू शकतं, म्हणून त्याच्यात आधी फिनॉल्फ्थॅलीन घालून थेंबाथेंबाने सोडा टाकत त्याचं आंबटपण मारून घ्यावं लागतं. ते केलं. दुसऱ्या खेपेला रंग एकदम आला, एका थेंबात, आणि टिकला. ब्युरेट वाचली: १०.१. तिसऱ्या खेपेला १०.०.

आम्लारिधर्मता तीन असती तर ३० मिलिलिटर लागले असते. सांगायचं ते ब्युरेटने सांगितलं.

आता याचं कारण सांगायचं तर लेखातल्या त्या वाक्याकडे वळावं लागतं. बोरॉनच्या भोवती तीन हायड्रॉक्सिल गट असतात, पण त्याच्या बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉन सहाच भरतात, दोनांची जागा रिकामी राहते. पाण्यात गेलं की ते पाण्याच्या रेणूतला हायड्रॉक्साइड ओढून घेतं, कारण त्याच्याकडे इलेक्ट्रॉनांची जोडी आहे आणि याला ती हवी आहे. हायड्रॉक्साइड गेला की पाण्याचा उरलेला प्रोटॉन मोकळा सुटतो. म्हणजे द्रावण आम्लधर्मी होतं ते पाण्याच्या प्रोटॉनमुळे. स्वतःचे तिन्ही हायड्रोजन बोरिक आम्ल मुठीत धरून बसलेलं असतं. एका रेणूने एकच हायड्रॉक्साइड घेतला, एकच प्रोटॉन सुटला, म्हणून आम्लारिधर्मता एक. इलेक्ट्रॉनांची जोडी स्वीकारतं ते आम्ल, देतं ते आम्लारी, ही लुईस यांची व्याख्या. म्हणजे भाचीने कंसात लिहिलेलं कारण लुईस यांचं होतं. आणि गंमत अशी की आम्लारिधर्मता तीन कुठल्याच व्याख्येने येत नाही. शाळेत शिकवतात त्या अऱ्हेनियसच्या साध्या हिशेबानेही (पाण्यात हायड्रोजन आयन देतं ते आम्ल) तो आयन एकच मिळतो. तीन येतात ते फक्त रेणुसूत्रातले हायड्रोजन बोटांवर मोजले तर. तसं मोजायचं तर व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लात चार हायड्रोजन आहेत, त्याची आम्लारिधर्मता चार कोणी लिहीत नाही.

हे सगळं लुईसच्याच बाजूचं झालं, मग त्या वाक्यावर माझा आक्षेप काय? आक्षेप ‘आधीच्या सगळ्या चुकीच्या’ यावर आहे. खरोखर चुकीची निघालेली एक होती, ती लेखात आली होती पण घाईत उरकली होती. फ्रान्सच्या लाव्हाझिएची. त्याने गंधक जाळलं, फॉस्फरस जाळला, कोळसा जाळला. जो वायू निघाला, जी पूड उरली, ती पाण्यात घातली की आम्ल. मग त्याने ठरवलं की आम्लाचं आम्लपण या हवेतल्या वायूत आहे, आणि त्या वायूचं नाव ठेवलं ऑक्सिजन, ग्रीकमध्ये ‘आम्ल जन्माला घालणारा’. जर्मन भाषेत तर आजही त्या वायूला ‘आंबट द्रव्य’ अशाच अर्थाच्या शब्दाने बोलावतात. आपण प्राणवायू म्हटलं ते बरं केलं.

हे नाव फसवं ठरलं ते मिठापायी, आणि मी शिरोड्याची असल्यामुळे मला त्याचं जास्त कौतुक. आमच्याकडे मिठागरं, १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथलाच. मिठावर गंधकाम्ल घातलं की जो झोंबणारा वायू निघतो तो पाण्यात विरघळवला की मिठाचं आम्ल. त्याला तिकडे म्युरिॲटिक म्हणत, लॅटिनमधल्या ‘खारं पाणी’ या शब्दावरून. आजचं हायड्रोक्लोरिक ते हेच. लाव्हाझिएच्या मते यातही ऑक्सिजन असायलाच हवा होता. इंग्लंडमध्ये हंफ्री डेव्हीने त्यातला हिरवट वायू घेतला, पांढरा होईपर्यंत तापवलेला कोळसा त्याच्यावर सोडला, ऑक्सिजन काही निघाला नाही. १८१० मध्ये त्याने जाहीर केलं की हे मूलद्रव्य आहे, आणि त्याला क्लोरीन नाव दिलं. सगळ्यात ओळखीच्या आम्लांपैकी एकात ऑक्सिजन औषधालाही नाही. तिथे ती व्याख्या बुडाली. उलट चुन्यात ऑक्सिजन भरलेला आणि चुना आम्लाच्या अगदी विरुद्ध. आमच्या किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करत, त्या भट्टीजवळ उभा राहिलेला कोणीही सांगेल की ते आंबट नसतं, जीभ सोलून काढतं. (तेव्हा लाव्हाझिए जिवंत नव्हता. १७९४ मध्ये क्रांतीच्या धामधुमीत त्याचं डोकं उडवलं होतं. बाजू मांडायला मिळाली नाही.)

त्यानंतर १८३८ मध्ये जर्मनीच्या लीबिशने म्हटलं, ज्यातला हायड्रोजन धातूला जागा देतो ते आम्ल. आपण चाचणी नळीत जस्ताचा तुकडा टाकून बुडबुडे बघतो तो हाच विचार. मग आला स्वीडनचा अऱ्हेनियस. १८८४ मध्ये त्याने उप्सालाला प्रबंध दिला: क्षार पाण्यात विरघळले की आयन होऊन सुटे होतात. परीक्षकांना पटलं नाही, त्यांनी जेमतेम पास केलं. १९०३ मध्ये त्याच माणसाला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. (भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, त्याला एकच गुण कापला असता तर चाललं असतं.) पाण्यात हायड्रोजन आयन देतं ते आम्ल, हायड्रॉक्साइड आयन देतं ते आम्लारी, ही शाळेत घोकतो ती व्याख्या त्याच्या विचारातून आली.

ही चुकीची आहे का? माझी २६ वर्षं या व्याख्येवर गेली. ब्युरेटने आम्ल-आम्लारी मोजायचं प्रत्येक टायट्रेशन तिच्यावर चालतं. परवाचा ब्युरेटचा हिशेबही तिच्यावरच केला. सामू (पीएच) मोजायचा तो हायड्रोजन आयनांवरूनच. ती पट्टी १९०९ मध्ये डेन्मार्कमध्ये सोरेन्सनने एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत बसवली, आणि माझ्या दिराच्या बागेच्या माती परीक्षणाच्या कागदावर ५.६ हा आकडा येतो तो त्याच पट्टीवरचा. ती व्याख्या खोटी नाही, फक्त पाण्याच्या बाहेर तिला पोहता येत नाही.

पाण्याबाहेरचं म्हणजे काय ते माझ्या कपाटात होतं. नव्यानेच लागले तेव्हा मी हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अमोनिया एकाच फळीवर शेजारी ठेवले होते, दिसायला नीट म्हणून. दिवाळीच्या सुट्टीनंतर कपाट उघडलं तर सगळ्या बाटल्यांवर पांढरी साय. बुचांवर, लेबलांवर, फळीच्या कडेला, पीठ चाळल्यासारखी. मला वाटलं बुरशी, कोकणात पावसाळ्यानंतर काय नवल. बोटाने पुसली तर कोरडी, खरखरीत. सर आले, हसले, दोन्ही बाटल्यांची बुचं काढून त्यांनी तोंडं जवळ आणली. मध्ये पांढरा धूर. दोन्ही बाटल्यांतून वायू बुचाच्या फटीतून थोडा थोडा बाहेर येत होता आणि हवेतच एकमेकांना भेटून नवसागर होऊन बसत होता. सगळा कारभार वायूंचा, आणि अमोनियात हायड्रॉक्साइड तर नावालाही नाही. जुन्या बाटल्यांवर आम्ही ‘अमोनियम हायड्रॉक्साइड’ असं लेबल लावायचो ते अऱ्हेनियसची व्याख्या सांभाळण्यासाठीच म्हणायचं. आत असतो तो पाण्यात विरघळलेला अमोनिया.

१९२३ मध्ये कोपनहेगनच्या ब्रॉन्स्टेडने आणि केंब्रिजच्या लॉरीने, एकमेकांना न विचारता, यावर एकच तोड काढली. प्रोटॉन देतं ते आम्ल, घेतं ते आम्लारी. पाणी असो नसो. माझ्या फळीवर हायड्रोक्लोरिकने प्रोटॉन दिला, अमोनियाने घेतला.

ही व्याख्या मला सगळ्यात जवळची, कारण ती माझ्या मोरीत रोज चालते. बांगडे साफ केल्यावर हाताला वास येतो तो ट्रायमिथाइल अमीन नावाच्या पदार्थाचा. समुद्राच्या मासळीत एक बिनवासाचा पदार्थ असतो, मासा मेल्यावर जिवाणू त्यापासून हे अमीन तयार करतात. अमोनियाचं हे चुलत भावंड, नायट्रोजनवर तशीच मोकळी जोडी, प्रोटॉन घ्यायला बसलेलं. हाताला ओलं आमसूल चोळा की आमसुलातलं आम्ल त्याला प्रोटॉन देतं. प्रोटॉन घेतला की अमीनवर भार येतो, ते क्षार होऊन बसतं, उडत नाही. उडालं नाही तर नाकापर्यंत येणार कसं? मग पाण्याने धुऊन टाकायचं. माझ्या सासूबाई हे माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून करत होत्या. मी त्यांना एकदा हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘आंबट ता आंबट. तेका तुमी चार-चार व्याख्या कित्याक करतास गो?’

ब्रॉन्स्टेडच्या व्याख्येत आम्लपण हा पदार्थाचा कायमचा पत्ता राहत नाही, समोर कोण आहे त्यावर ते ठरतं. पाणी हायड्रोक्लोरिकपुढे प्रोटॉन घेतं, म्हणून तिथे ते आम्लारी. अमोनियापुढे प्रोटॉन देतं, म्हणून तिथे आम्ल. मी माहेरी गेले की लेक आणि सासरी सून, बाई तीच. आणि आम्लाने प्रोटॉन दिला की जे मागे उरतं ते त्याचं संयुग्मी आम्लारी. इथे मला आपल्या शब्दाची गंमत वाटते. आमचे एक जुने सर फळ्यावर आम्लारी हा शब्द फोडून लिहायचे: आम्ल अधिक अरी, म्हणजे आम्लाचा शत्रू. मुलांच्या तो पक्का लक्षात राहायचा. पण ब्रॉन्स्टेडकडे गेलं तर हा शत्रू आम्लाच्याच पोटचा निघतो. शब्द केला तेव्हा मनात असणार ते एकाने दुसऱ्याला मारणं, उदासिनीकरण. शब्द राहिला, अर्थ पुढे गेला. बदला असं मी म्हणत नाही, एवढा चांगला शब्द पुन्हा मिळायचा नाही.

लुईस अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचे. त्यांनीही आपलं म्हणणं १९२३ मध्येच मांडलं होतं, पण १९३८ मध्ये त्यांनी पुन्हा लेख लिहिला तेव्हा कुठे लोकांचं लक्ष गेलं. नोबेलसाठी नाव कितीतरी वेळा सुचवलं गेलं, मिळालं नाही. त्यांची व्याख्या सगळ्यात रुंद आहे हे खरं. प्रोटॉनचं नावही नाही अशा ठिकाणी ती चालते. आमचा जांभा दगड घ्या. इथल्या पावसाने लाखो वर्षं चुना-मॅग्नेशियम धुऊन नेलं, मागे राहिलं लोह आणि ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमच्या आयनात हायड्रोजन शोधून सापडणार नाही, तरी मातीच्या आंबटपणात त्याचा मोठा वाटा. तो पाण्याच्या रेणूंच्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या आपल्याकडे ओढतो, त्या ओढीने पाण्याचा प्रोटॉन सैल होऊन सुटतो. बोरिक आम्लाच्याच वळणाची गोष्ट. दिराच्या कागदावरचा ५.६ मोजला सोरेन्सनच्या पट्टीने, पण तो तिथे का आला हे विचारलं तर लुईसकडे जावं लागतं. एकाच आकड्याला दोघे लागतात, मग त्यातला एक चुकीचा कसा?

आणि रुंद असण्याचं मोलही द्यावं लागतं. लुईसच्या आम्लांना एका ओळीत उभं करून हा पहिला, हा दुसरा असं सांगता येत नाही. समोरचं आम्लारी बदललं की क्रम बदलतो. अमुक आम्ल कोणाशी जास्त जमवून घेईल हे जरा तरी सांगता यावं म्हणून १९६३ मध्ये पिअर्सन या रसायनशास्त्रज्ञांना ‘कठीण’ आणि ‘मऊ’ अशी वेगळी विभागणी करावी लागली. ब्युरेटसमोर बसलेल्या बारावीच्या मुलीला त्याचा काय उपयोग? तिला किती मिलिलिटर एवढंच हवं असतं. एवढंच काय, खुद्द हायड्रोक्लोरिक आम्ल लुईसच्या व्याख्येत सरळ बसत नाही. जोडी स्वीकारणारा असतो त्याचा प्रोटॉन, मग जरा वळसा घालून समजावून सांगावं लागतं.

आणखी एक व्याख्या आहे, ती लेखात नव्हतीच. आमच्या शेजारी रेडी, तिथल्या लोहखनिजाच्या खाणी सर्वांना माहीत आहेत. खनिजातून लोखंड काढायचं तर भट्टीत त्याच्याबरोबर चुनखडी टाकतात. चुनखडीचा चुना होतो, तो खनिजातल्या वाळूशी, म्हणजे सिलिकाशी जोडला जातो आणि धातुमळी होऊन वेगळा वाहतो. एवढ्या धगीत पाणी कुठलं आणि प्रोटॉन कुठला! तरी भट्टीवाले चुन्याला आम्लारी आणि सिलिकाला आम्ल म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. १९३९ मध्ये लक्स आणि १९४७ मध्ये फ्लड यांनी तसंच मांडलं: ऑक्साइड आयन देतं ते आम्लारी, घेतं ते आम्ल. लाव्हाझिएने ज्याला आम्लाचा बाप ठरवलं तो ऑक्सिजन इथे आम्लारीच्या हातात! शिंपले भाजणाऱ्या आमच्या माणसांना हे ऐकून फार नवल वाटलं नसतं.

तर संपादक महोदय, लाव्हाझिएला डेव्हीने हरवलं, तसं अऱ्हेनियसला ब्रॉन्स्टेडने किंवा ब्रॉन्स्टेडला लुईसने हरवलेलं नाही. मुलं आपली पुरवणी वाचतात आणि शिक्षकही वाचतात. ‘शेवटची ती खरी’ असं छापलं की एक जण लुईस घोकून येतो, दुसरा म्हणतो पुस्तकात अऱ्हेनियस आहे, आणि दोघेही समोरच्या बाटलीत काय चाललंय ते बघत नाहीत. माझी विनंती दोन गोष्टींची. ते वाक्य पुढच्या अंकात दुरुस्त करावं, दोन ओळी पुरतील. आणि आपल्या वाचकांत जे प्रश्नपत्रिका काढतात त्यांनी आम्लाचा प्रश्न विचारताना कुठली व्याख्या धरायची ते प्रश्नातच लिहावं. जिथे उत्तर मोजून काढता येतं तिथे तर आधी मोजावं. ग्लिसरीनची छोटी बाटली प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळते.

भाची ब्युरेटचे तिन्ही आकडे कागदावर लिहून, माझी सही घेऊन सरांकडे गेली होती. सरांनी कागद ठेवून घेतला आहे, बघतो म्हणाले. माझ्या सहीला आता किंमत नाही हे मी तिला आधीच सांगितलं होतं, पण तिला हवी होती.

पत्र छापलंत तर माझं नाव छापू नये. तिची तोंडी परीक्षा अजून व्हायची आहे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
शिरोडा, ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग